सगळ्यांना ‘हो’

"आता हात लावायचा नाही," प्लांट मॅनेजर यशराज सर म्हणाले. "चारपर्यंत चालू दे असंच."

"पण सर, आत्ता प्रोग्राम काही तपासतच नाहीये. कोणी कोणाच्याही नावाने काहीही टाकलं तरी मेल उघडेल."

"ऐकलं मी." सर केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

अर्पिता आपल्या टेबलाशी परत आली. तळोज्याच्या या केमिकल कंपनीत मेलचे पासवर्ड तपासणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. मेलच्या सर्व्हरने नाव आणि पासवर्ड द्यायचा, याने हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच काम. सकाळपासून हा पठ्ठ्या सगळ्यांनाच नाही म्हणत होता. नेमकं अडतंय कुठे ते कळावं म्हणून तिने दोन मिनिटं त्याला सगळ्यांना ‘हो’ म्हणायला लावलं, तर सगळ्यांचे मेल उघडले आणि ऑफिसभर टाळ्या!

तेवढ्यात गोटीराम आला. वजनकाट्यावरचा जुना माणूस, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला.

"मॅडम, पासवर्ड चुकला माजा, तरी मेल उघडला. मंग माजा मेल दुसरा कोन पन उघडील?"

"का हो काका? असं काय आहे त्यात?"

तो इकडेतिकडे बघून वाकला. "खाडीत रातचं लाल पानी सोडतात ना, त्याची तक्रार मीच केली हाय. प्रदूषन मंडळाच्या साहेबांचं उत्तर आलंय, माज्या नावानिशी."

"ऑफिसच्या मेलवरून केलीत?" अर्पिताने कपाळाला हात लावला. "पुसून टाका आधी."

"पुसू कसा? तोच तं पुरावा हाय."

तक्रार करणारा घरभेदी कोण, हे यशराज सर आठवडाभर शोधत होते. त्यांची ही शोधाशोध शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. अर्पिताने घाईघाईने नोंदी उघडल्या. केबिनच्या कॉम्प्युटरवरून दोन मेल उघडले गेले होते. आधी किसनचा, मग गंगूचा. सर कामगारांची यादी धरून चालले होते, आणि यादीत पुढचं नाव गोटीरामचं होतं.

तपासणी नुसती परत चालू केली तर सगळ्यांचेच मेल बंद, आणि नोकरी जाणार ती तिची. दोषच सापडायला हवा होता. सकाळपासून ती प्रोग्राम स्वतःच्या खात्यातून चालवून बघत होती, आणि दर वेळी तो शहाण्यासारखा चालत होता. आता तिने तो सर्व्हरच्या खात्यातून चालवला. लगेच अडला! पासवर्डांची फाइल काल तिनेच नव्या जागी हलवली होती. ती वाचायची परवानगी तिला एकटीला होती, सर्व्हरला नव्हतीच. हात्तिच्या! तिने परवानगी दिली, तो खोटा ‘हो’ काढून टाकला आणि नोंदी बघत बसली.

सुनयना, हो. धम्मपाल, हो. उन्नती, हो.

गोटीराम, नाही.

"मी तं इथं उभा हाय," गोटीराम पुटपुटला.

गोटीराम, नाही. गोटीराम, नाही.

केबिनचं दार धाडकन उघडलं. "अर्पिता! हात लावू नको म्हटलं होतं ना? मेल परत बंद पडला!"

"नाही सर, सगळ्यांचा चालू आहे." मग तिने विचारलंच, "तुम्ही कोणाचं नाव टाकताय?"