सूचनापेटीतलं अक्षर

“बाबा, दुकानातली माणसं तुम्हाला घाबरतात का?” हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी परवा जेवताना विचारलंच.

“छे गं, नेतृत्वाचं शिबिर करून आलोय मी,” बाबा म्हणाले. आल्या आल्या त्यांनी आमच्या वारज्याच्या कॉम्प्युटर जोडणीच्या दुकानात सूचनापेटी लावली होती. पेटीवर लिहिलं होतं, ‘नाव घालू नका, मोकळेपणाने लिहा.’ पहिल्याच आठवड्यात पाच चिठ्ठ्या पडल्या. बाबांनी अक्षरं ओळखून पाचही जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि प्रेमाने समजावलं. तेव्हापासून पेटी रिकामी. “म्हणजे बघ, सगळे खूश.”

“हो, बोलती बंद होईल इतके,” आई भाजी वाढत म्हणाली.

आज मात्र पेटीत पुन्हा पाच चिठ्ठ्या निघाल्या आणि बाबा त्या घरी घेऊन आले. पाचही जणांना रविवारची सुट्टी हवी होती आणि पाचही चिठ्ठ्यांचं अक्षर एकच होतं. बाबा बराच वेळ एकदा चिठ्ठ्यांकडे आणि एकदा माझ्या गृहपाठाच्या वहीकडे बघत राहिले.


“आई, बाबा, मी ठरवलंय,” मी म्हटलं, “उद्या शाळा सुटली की केबिनमध्ये मीच येणार, पाचही जणांच्या वतीने.”