क्लाउडवरच्या चादरी

भवानी पेठेतल्या जोतीरामशेठच्या चादर कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या गुलनाजनं डिझाइनं साठवायचं मोठं स्टोरेज मशीन क्लाउडला जोडून दिलं. आठवड्यातच शॉर्टसर्किट झालं आणि मशीन जळून खाक. शेठ डोकं धरून बसले. समोरच्या कारखान्याचे युवराजशेठ धीर द्यायला धावत आले.

"शेठ, काळजी करू नका. क्लाउडवर सगळं सेफ आहे," गुलनाज म्हणाली आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर एकेक डिझाइन उघडायला लागली. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

युवराजशेठ मात्र उठून स्क्रीनजवळ गेले.



"जोतीरामशेठ, ही मोराची चादर आमची हाय की! आमी अजून बाजारातबी काढली न्हाय, मग तुमच्या ढगात कशी गेली?"