भवानी अजून व्हायची होती

दुपार टळली तरी येसूबाईंच्या किराणा दुकानात भवानी झाली नव्हती. आजही पहिलं गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर दुकान कायमचं बंद, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बोलल्या मात्र कुणालाच नव्हत्या.

तेवढ्यात समोरच्या कुसुमवहिनी लगबगीनं आल्या. "साखर द्या हो. भाऊ आलाय, न सांगता. पेटीला काय ठाऊक."

येसूबाईंनी तराजू पुढे ओढला. कुणाच्या घरात काय संपणार, हे कंपनीच्या त्या उडत्या पेटीला आधीच कळायचं, आणि मागायच्या आत ती दारात आणून टाकायची. पण न सांगता आलेला भाऊ तिला कसा कळणार? त्यांनी साखर तोलली आणि सवयीनं वर मूठभर घातली.

"आई," समोरून वहिनींच्या सुनेनं हाक मारली, "साखर टाकून गेली बघा पेटी."

वहिनी ओशाळल्या. "असू द्या, हीपण नेते."

"नको. घरात असून घेतलीत तर ती भवानी नव्हे वहिनी, दया झाली." येसूबाईंनी साखर परत डब्यात ओतली, वरची मूठसुद्धा.

डोक्यावर घूं घूं झालं. पेटी आली आणि येसूबाईंपुढे एक पुडकं ठेवून गेली.

"तुम्ही काय मागवलंत?"

"मी कशाला काय मागवू?"

मागच्या खोलीतच संसार, म्हणून या दुकानाला आजवर बाहेरून कुलूप असं कधी लागलंच नव्हतं.

पुडक्यातून निघालं ते नवंकोरं, तेलपाणी केलेलं, किल्लीसकट.