स्वर्गाच्या जिन्यात

“पाय उचलत नाही गं, वेणू!” लोखंडी कठडा घट्ट धरून थोरली जाऊ म्हणाली. अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर तिनं पहिल्यांदाच वेणूला हाक मारली होती.

व्हिएतनामच्या दा नांग शहराजवळच्या त्या गुहेत तळाशी नरकाच्या मूर्ती, वर स्वर्गाचा झरोका आणि मधल्या कोंदट, उभ्या जिन्यात या दोघी अडकलेल्या. वेणूच्या तोंडासमोर जावेची टाच, पाठीला पर्यटकांची रांग. मागे फिरायला जागाच नव्हती.

“एखादा अभंग म्हण. धीर येईल.”

“आता माझा अभंग हवा? माझ्या पहिल्याच कीर्तनातून आरतीआधी उठून गेलात, वहिनी! गावभर हसं झालं माझं.”

वरून धापा टाकत उत्तर आलं.

“तू यशोदेचा शोक सांगायला लागलीस. आवाज तर असा लागला होता! माझं लेकरू, श्रीधर, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं गं. बसले असते तर हंबरडा फुटला असता, तुझं कीर्तन मोडलं असतं.”

रांगेतून कुणीतरी खेकसलं. वेणूनं दोन्ही हातांनी जावेचा अडलेला पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला आणि हात काढण्याआधी त्यावर कपाळ टेकवलं.