घाईची बाटली

स्टोअररूममध्ये फटाक्यासारखा आवाज झाला आणि निरंजन जेवता जेवता उठला. आत जमिनीवर फेस पसरला होता. दाराच्या लाकडात, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, काचेचा लांबट तुकडा रुतला होता.

घरी केलेली त्याची पहिलीच बिअर. पिंपातले बुडबुडे थांबले नव्हते, म्हणजे आंबणं अजून चालूच होतं, पण रविवारी मित्र यायचे होते, म्हणून त्याने घाईने बाटल्या भरून बुचं ठोकली होती. उरलेल्या आता आत वायू कोंडून खोक्यात गप्प उभ्या होत्या. कुठली कधी फुटेल, काही नेम नव्हता.

"आत जाऊ नकोस," त्याच्या बायकोने, वृंदाने, त्याचा दंड धरला. "कुणाला तरी बोलावू."

"कुणाला बोलावणार? उद्योग माझाच आहे."

त्याने हेल्मेट घातलं, जाड जॅकेट चढवलं. खोक्यावर ओली चादर टाकली आणि तिच्याखाली हात घालून तो ओपनरने एकेक बूच सैल करू लागला. दर वेळी तो डोळे घट्ट मिटून घेई. फस्सकन फेस उसळला की दाराबाहेरून वृंदा विचारी, "आहेस ना?"

"आहे."

शेवटची बाटली उघडल्यावर त्याने हेल्मेट काढलं. तो फेसातच बसला. वृंदाने बोट बुडवून चाखलं.

"शी! ह्या आंबट पाण्यासाठी?" म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली.

पुढच्या हिवाळ्यात त्याने पुन्हा पिंप भरलं. बुडबुडे थांबले तसे मित्र म्हणाले, "झाली की रे, भर आता."

"राहू दे," निरंजन म्हणाला, "अजून आठवडाभर."