नव्या रंगाची मशीन

"नुसती जाळी बदलून देऊ म्हंतात," देवमननं कराराचा कागद वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला. "अन् माह्या बहिणीचा हात?"

ज्योत्स्नाताईंनी कागद वाचला. मूर्तिजापूरजवळच्या बचत गटानं अकोल्याच्या एका कारखान्यातून दाल मिल घेतली होती. गटाची अध्यक्ष इंदूबाई. दुसऱ्याच महिन्यात पट्ट्यावरची लोखंडी जाळी निखळली आणि इंदूबाईचा उजवा हात मनगटापासून गेला. करारात मात्र ठळक अक्षरात लिहिलेलं: बिघडलेला भाग बदलून मिळेल, इतर कुठलीही जबाबदारी नाही.

वा रे बहाद्दर, ताई मनात म्हणाल्या.

"करारानं गेलो तर जाळीच मिळेल, भाऊ. पण मशीन धोक्याची आहे हे ठाऊक असून लपवून विकली असेल, तर ती फसवणूक. ते प्रकरणच वेगळं. तिथं ही ओळ त्यांना वाचवणार नाही. हाताची भरपाई मागता येते."

अमरावतीपर्यंत आल्याचं सार्थक झाल्यासारखा देवमन खुर्चीत नीट बसला.

"मशीन जुनीच होती जी. जाळीले तडा होता. त्यात लांबी-पुट्टी भरली अन् वरून हिरवा रंग मारला."

"कोर्टाला पुरावा लागतो. कारखान्यातलाच माणूस हवा."

"हाय एक. रंग त्यानंच मारला. मालकानं सांगतलं, यानं मारला."

"तडा दिसत असून?"

"दिसत असून."

ताईंचं डोकंच फिरलं. "मग मालकाबरोबर त्यालाही मी सोडणार नाही. त्याच्यावर घरदार विकायची पाळी आली तरी चालेल! साक्ष देईल तो?"

"देते."

"इंदूबाई ओळखतात त्याला?"

"ओळखते. पण त्यानं काय केलं, थे नाई ठाऊक तिले."

"कळलं तर जन्मात तोंड पाहणार नाहीत त्याचं."

"नाईच पाहाची." देवमनचे डोळे भरून आले. "परवा भाऊबीजेले डाव्या हातानं ओवाळलं जी तिनं मले. ताट धरायले पोरीले उभं केलं. तवापासून घास जात नाई."

बहिणीसाठी एवढा तुटणारा भाऊ पाहून ताईंना गलबलून आलं. त्यांनी पाण्याचा गिलास त्याच्यापुढे सरकवला आणि पेन उघडलं.

"रडू नका, भाऊ. त्या रंगवाल्याचं नाव सांगा."

"लिवा," तो म्हणाला, "देवमन."