बगलेतला माईक

सायलीनं मोबाईल बापाच्या नाकासमोर धरला तेव्हा चंपतरावांच्या हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अर्धी बांधलेली जुडी होती.

"पाहा बरं, बाबा. सापडलं एकदाचं. कोनीतरी जुनी कॅसेट यूट्यूबवर टाकली."

पडद्यावर लाल चकचकीत जाकीट घातलेला एक उंच तरुण नाचत होता. मागे धूर, धुरात तीन मुली. खाली पट्टी, ‘सुपर दहा, क्रमांक सात’. जीपगाडीत बसून फिरायला चल, अशी तो कुणा राणीला हिंदीत विनवणी करत होता. त्र्याण्णव साली हे गाणं दोन आठवडे सातव्या नंबरावर टिकलं आणि चंपतच्या नावाला कायमचा ‘राव’ चिकटला. मालेगावच्या बाजारात त्यांना आजही कुणी भाजीवाले म्हणत नाही, टीव्हीवाले चंपतराव म्हणतात. येत्या रविवारी गावात त्यांचा सत्कार होता. मोठ्या पडद्यावर हेच गाणं लावायचं होतं आणि ते काम सायलीनं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

कोथिंबिरीच्या ढिगापलीकडे जगदेव बसला होता. तो शेजारच्या मळ्याचा मालक, चंपतरावांचा शाळेपासूनचा सोबती. तोडणी झाली की दोघं एकमेकांच्या जुड्या बांधू लागत, आज याच्या, उद्या त्याच्या. जगदेवच्या दोन्ही ओठांवर लहानपणापासून कोडाचे पांढरे डाग होते. परक्या माणसाशी बोलताना तो अजूनही तोंडावर हात धरायचा. त्याला ‘राव’ कधी कुणी लावला नाही. तो मोबाईलकडे पाहत नव्हता, पण त्याची बोटं थांबली होती.

"थांबा थांबा," सायली म्हणाली. तिनं गाणं मागं नेलं, पुन्हा लावलं आणि हसायलाच लागली.

गाण्याच्या ऐन मध्यात, सूर उंच चढलेला असताना, लाल जाकीटवाल्यानं माईक बगलेत दाबला होता आणि समोर पाहून दोन्ही हात जोडले होते. त्या दिवशी गावचे सरपंच उकंडराव स्टुडिओत उशिरा आले आणि पहिल्या रांगेत बसले. मोठं माणूस समोर आलं की हातातलं बाजूला ठेवून नमस्कार करायचा, ही घरची शिकवण. ती धुरात आणि दिव्यांतही सुटली नाही. पोरगा टीव्हीवर गेला पण रीत विसरला नाही, म्हणून गावानं तेव्हा केवढं कौतुक केलं होतं. दुसरं काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. टीव्हीवर जो दिसतो तोच गातो, असा तेव्हा सगळ्यांचाच भरवसा होता.

"बाबा, माईक तुमच्या बगलेत हाये," सायली म्हणाली. "तोंड बी बंद हाये. मंग गाऊन कोन राह्यलं?"

चंपतरावांनी नजर जुडीकडे वळवली. उत्तर जगदेवनंच दिलं.

"तवाचे माईक लय ताकदीचे राहत, पोरी. बगलेतून बी आवाज ओढत."

"तोंड बंद असल्यावर?"

"मांगची गूंज राह्यते थे. कापून टाक तेवढं."

इतकं सहज बोलला तो, जणू बत्तीस वर्षं हेच उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं एखादी शिवी हासडली असती तर चंपतरावांना सोपं गेलं असतं. नागपूरला गाणं रेकॉर्ड झालं ते जगदेवच्या आवाजात. शूटिंगच्या दिवशी कार्यक्रमवाल्यानं त्याचे ओठ पाहिले आणि सोबत गेलेल्या ढोलकीवाल्या चंपतला जाकीट घालायला दिलं. चंपत नाही म्हणू शकला असता. पण त्याला जाकीट आवडलं होतं. त्यानंतर जगदेव कुठंच गायला नाही, भजनातसुद्धा नुसते टाळ वाजवत बसायचा. काहून गात नाहीस, हे चंपतरावांनी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. आता त्यांना मान वर करायची लाज वाटली.

"चार सेकंद तर हायेत," सायली म्हणाली. "कापले की कोनाले समजनार नाई." तिचा अंगठा पडद्यावर गेला.

"कापू नको," चंपतराव म्हणाले.

"काहून?"

जगदेवनं मान हलवली. "जाऊ दे न, चंपत. पोरीसमोर कायले?"

चंपतरावांनी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. तेव्हा त्यांनी हातातली जुडी बगलेत दाबली, जगदेवकडे वळले आणि दोन्ही हात जोडले.

मोबाईलवर गाणं चालूच होतं. सायलीनं बापाच्या बगलेतली जुडी पाहिली, जोडलेले हात पाहिले. पडद्यावरचे पाहिले. ती हसायची थांबली. पहिलं कडवं संपताच तिनं गाणं बंद केलं आणि ढिगाला वळसा घालून जगदेवजवळ जाऊन बसली.

"काका," ती म्हणाली, "पुढचं कडवं येते तुमाले?"

जगदेवनं जुडीची गाठ मारली, पाणी शिंपडलं, ती पाटीत नीट रचली. सायली काही परकी नव्हती, त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर. तरी त्याचा हात उठला आणि ओठांवर गेला. मग त्या हाताआडून दुसरं कडवं आलं. आवाज थोडा घोगरा झाला होता, पण पट्टी तीच होती.